कालवडीचं वेगळं खातं

तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी बरीच वर्षं हिशेब विभागात काम केलं. महिनाअखेरीला आम्हाला तीन आकडे काढावे लागत: विकला गेलेला माल, तयार होऊन पडलेला माल आणि अर्धवट तयार झालेला माल. तिसरा आकडा सगळ्यात जिकिरीचा. रिॲक्टरमध्ये असलेल्या मालावर कच्चा माल, वीज, मजुरी असा सगळा खर्च होऊन गेलेला असतो आणि त्यातून अजून एक रुपयाही हाती आलेला नसतो. आमचे साहेब सांगायचे, पैसा अडकतो तो इथंच, आणि इथं अडकलेला कुणाला दिसत नाही. पुढे नोकरी सोडून मी पालघर-बोईसर रस्त्यालगतच्या आमच्या गावातला सासरचा गोठा पूर्णवेळ पाहायला लागले, तेव्हा हा तिसरा आकडा मला दावणीच्या टोकाला बांधलेला दिसला. ती कालवड होती.

गोठ्यात दुधाचा हिशेब रोज होतो. किती लिटर निघालं, किती गेलं, कुणाकडं किती थकलं, पेंडेचं पोतं किती रुपयांनी वाढलं, हे गोठेवाल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. कालवडीवर आजवर किती खर्च झाला, हे मात्र सहसा सांगता येत नाही. ती दूध देत नाही, म्हणून तिचं पान वहीत नसतं. घरचीच आहे, चार काड्या खाऊन वाढेल, असं म्हणून विषय संपतो. इतक्या वर्षांत मला पटलेली गोष्ट ही की कालवडीचं खातं मांडलं नाही म्हणून तिचा खर्च टळत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडतो. कधी वासराच्या पोटावर, कधी घरातल्या बाईच्या वेळेवर, तर कधी जनावर जिथून विकत आणतो, त्या शेकडो किलोमीटर दूरच्या एखाद्या गावावर.

आमचे सासरे, अप्पा, लाल कापडी बांधणीची वही ठेवायचे. अक्षर मोत्यासारखं. गिऱ्हाईकवार दूध, पेंड, भाताची पावली, गड्यांचे पगार, सगळं तारीखवार. वासरांची नोंद दोनच शब्दांची असे: ‘पारडी झाली’ आणि काही पानांनंतर, बहुतेक वेळा, ‘पारडी गेली’. अप्पा कठोर माणूस नव्हते. आजारी म्हशीपाशी रात्रभर बसलेले मी त्यांना पाहिलेत. पण त्यांचा गोठा मुंबईच्या तबेल्याच्या पद्धतीवर चालायचा आणि त्या पद्धतीत पारडीला जागाच नव्हती.

ती पद्धत अशी. मेहसाण्याकडून किंवा हरियाणातून व्यापारी नुकत्याच व्यालेल्या म्हशी ट्रकमधून आणतात. गोठेवाला म्हैस पसंत करतो, आठ-दहा महिने पिळतो, आटली की विकून टाकतो आणि दुसरी ताजी म्हैस बांधतो. आमच्या भागात ही पद्धत रुजायला कारण होतं. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, पाठोपाठ औद्योगिक वसाहत आली. वसाहतीतली घरं, कामगारांच्या चाळी, चहाच्या टपऱ्या, सगळ्यांना सकाळी दूध हवं. दूध रोख विकलं जायचं. जिथं दुधाला रोख गिऱ्हाईक असतं, तिथं भाकड म्हैस चार-पाच महिने बांधून ठेवणं जड वाटतं. तिच्या जागी दुभती बांधली तर रोजचे पैसे सुरू राहतात. त्यामुळे म्हैस गाभण राहते की नाही याचीही फिकीर कुणी करत नाही.

मी अप्पांच्या जुन्या वह्या घेऊन बसले आणि अलीकडच्या व्यवहारांच्या भावानं एक म्हैस मांडून पाहिली. घेतली १ लाख २० हजारांना, आटल्यावर गेली ७० हजारांना. मधल्या वेतात तिनं विक्रीचं दूध दिलं २,००० लिटर. म्हणजे नुसती म्हैस बदलण्यापायी दर लिटरला २५ रुपये गेले, चारा-पेंड-मजुरी वेगळी. कारखान्याच्या भाषेत याला घसारा म्हणतात. तिथं यंत्राचा घसारा दहा-पंधरा वर्षांत लागतो, इथं तो दहा महिन्यांत लागत होता. अप्पांना आकडा दाखवला. ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “सूनबाई, हे खरं आहे. पण पारडीला दूध पाजलं तर विकायचं काय?”

त्यांचा प्रश्न रास्त होता. पारडी अडीच महिने रोज तीन लिटर दूध प्यायली, तर सव्वादोनशे लिटर झालं. म्हशीच्या दुधाला लिटरला ८० रुपये धरले, तर १८ हजार रुपये. ती गाभण होऊन पिळायला यायला साडेतीन-चार वर्षं. ज्याला पुढच्या महिन्याची पेंड उधारीवर आणायची आहे, त्यानं आज १८ हजार रुपये चार वर्षांनंतरच्या म्हशीसाठी कसे सोडावेत? म्हणून तबेल्यांत पारडं उपाशी राहतं आणि मरतं. मेल्यावर त्याच्या कातड्यात पेंढा भरून भोत करायचं आणि ते म्हशीपुढे धरून पान्हा सोडवायचा, ही जुनी तऱ्हा. आता भोताची जागा पान्हा सोडवणाऱ्या सुईनं घेतली आहे. ते पारडं वाचतं तर दूध किती महाग पडलं असतं, हे दूध पिणाऱ्यांपैकी कुणालाच कधी कळलं नाही, कारण तो आकडा कुठल्याच वहीत नव्हता.

हा प्रश्न सरकारलाही फार पूर्वी दिसला होता. मुंबई शहरातले तबेले बाहेर हलवण्यासाठी १९४९ साली गोरेगावला आरे दूध वसाहत सुरू झाली. तिच्यामागे दारा खुरोडी होते. डॉ. कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार ज्यांना मिळाला, तेच हे खुरोडी. आरेत दुभत्या म्हशींची सोय झाली, पण आटलेल्या म्हशींचं आणि वासरांचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच. त्यांच्या संगोपनासाठी दुग्धविकास विभागानं पालघरला जागा घेतली. इथं गवत होतं, जमीन होती आणि रेल्वे होती. पुढं मुंबईतली आणखी जनावरं हलवण्यासाठी दापचरीचा प्रकल्प उभा राहिला आणि त्याच्या पाण्यासाठी कुर्झे धरण झालं. मुंबईच्या दुधाचा न दिसणारा खर्च पालघरच्या गवतावर सोसायचा, असा तो विचार होता. विचार चुकीचा नव्हता. जनावर दुभतं असताना शहराजवळ आणि वाढत किंवा भाकड असताना चाऱ्याजवळ असावं, हे आजही खरं आहे.

आम्ही गोठा एकदम बदलला नाही. रोजचं दूध थांबवून चालणार नव्हतं. दर वर्षी बाहेरून येणारी जनावरं थोडी थोडी कमी केली आणि घरच्या माद्या वाढवल्या. आज दुभती जनावरं वीस आहेत, त्यांत संकरित गाई जास्त आणि म्हशी कमी. गाई वाढवण्याचं कारण हेच की चांगल्या संगोपनात कालवड सव्वादोन वर्षांत विऊ शकते. म्हशीची रेडी तितक्या लवकर येत नाही.

पहिलं पान मी एका कालवडीच्या नावानं उघडलं. जन्मल्या दिवसापासून तिच्या तोंडात जे गेलं ते लिहायचं, विकता आलं असतं त्या भावानं लिहायचं. गाईचं दूध अडीचशे लिटर, ५५ रुपयांनी १३,७५० रुपये. दूध तोडल्यानंतर चारा, खुराक, मजुरी मिळून रोजचे सरासरी ८० रुपये. लसी, जंताची औषधं, डॉक्टर, रेतन यांचे सगळे मिळून ४ हजार. अशा तऱ्हेनं ३६ महिन्यांनी विणारी कालवड आम्हाला ९८ हजारांना पडत होती. बाजारात चांगली गाभण कालवड साधारण त्याच भावात मिळते. म्हणजे ‘घरची कालवड फुकट’ ही समजूत पहिल्याच पानावर खोटी ठरली. पण त्याच पानानं वाटही दाखवली. खर्चातला मोठा हिस्सा दुधाचा नव्हता, दिवसांचा होता.

कालवड भरवायची ती वयावर नव्हे, वजनावर. संकरित कालवड साधारण अडीचशे ते पावणेतीनशे किलोची झाली की ती माजावर येते आणि तिला भरवता येतं. जन्मतः ३० किलो असलेलं वासरू २७० किलो व्हायला २४० किलो वाढावं लागतं. रोज ३०० ग्रॅम वाढलं तर ८०० दिवस, रोज ५०० ग्रॅम वाढलं तर ४८० दिवस. एवढंच गणित. पहिलीला भरवेपर्यंत सव्वीस महिने उलटतात आणि ती छत्तिसाव्या महिन्यात विते. दुसरी सोळाव्या महिन्यात भरते आणि पंचविसाव्या-सव्विसाव्या महिन्यात विते. हा जादा दोनशे ग्रॅमचा फरक पाडायला आम्हाला रोज पाऊण किलो जादा खुराक आणि थोडं खनिज मिश्रण लागलं, म्हणजे रोजचे २५ रुपये. सोळा महिन्यांत १२ हजार झाले. त्या बदल्यात साडेदहा महिन्यांचं पोसणं वाचलं. हिशेब केला तर कालवड ८५ हजारांत गोठ्यात आली. जादा खाऊ घालून १३ हजार वाचले आणि दूध दहा महिने आधी सुरू झालं.

हे पान वाचून अप्पा पहिल्यांदा हसले. पेंड कमी घालून पैसे वाचतात, हा गोठ्यातला सगळ्यात जुना समज आहे. वाढत्या जनावराच्या बाबतीत तो उलटा आहे. कमी घातलेली पेंड वाचल्यासारखी दिसते आणि पुढं दिवस बनून परत येते.

वजन मोजायला काटा लागतो असं नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचांत घ्यायचा. खांद्याच्या सांध्यापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर ६० आणि लांबी ५० आली तर वजन साधारण २७३ किलो. आमच्याकडे महिन्यातून एकदा टेप लागते आणि आकडा त्या कालवडीच्या पानावर चढतो. ज्या महिन्यात आकडा हलत नाही, त्या महिन्यात काहीतरी बिघडलेलं असतं: जंत झालेले असतात, गोचीड असते, किंवा दांडगी कालवड शेजारणीचा खुराक खात असते.

आमच्याकडे आकडा थांबतो तो पावसाळ्यात. दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, चार महिने ओल. जमीन सुकत नाही, वासरांना हगवण लागते, खूर मऊ पडतात. पावसातलं कोवळं गवत पोट भरतं, पण त्यात पाणी फार. दिवाळीनंतर डोंगरांवरचं गवत कापलं जातं, गठ्ठे बांधून तबेल्यांकडे जातं. आम्हीही ते घेतो, पण वाळून पिवळं पडलेल्या गवतात आणि भाताच्या पावलीत प्रथिनं नावालाच, तीन-चार टक्के. नुसत्या पावलीवर कालवड जगते, वाढत नाही. म्हणून शंभर किलो पावलीला चार किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवायची, आणि ती सहा महिन्यांवरच्या जनावरांनाच घालायची, हे आम्ही शिकलो. बरोबर हत्ती गवत आणि घाटावरून येणारा मक्याचा मुरघास. किनाऱ्याकडच्या ज्या शेतांत खारं पाणी शिरतं, तिथं चारा पिकत नाही, त्यामुळे आमच्या पट्ट्यात चारा विकतच घ्यावा लागतो आणि प्रत्येक जादा तोंडाची किंमत इथं घाटावरच्यापेक्षा जास्त पडते.

जादा तोंडं म्हणजे किती, हेही मोजायला हवं. वीस दुभत्यांपैकी दर वर्षी पाचएक जनावरं वय, कासेचा आजार किंवा गाभण न राहणं यामुळं बाद होतात. म्हणजे दर वर्षी पाच नव्या गाई आत यायला हव्यात. त्या तीन वर्षांनी विणाऱ्या असतील, तर गोठ्यात कुठल्याही दिवशी लहान-मोठ्या पंधरा कालवडी उभ्या असतात. सव्वादोन वर्षांच्या आत विणाऱ्या असतील, तर अकरा. तेच दूध, तेवढ्याच गाई, आणि चार तोंडं कमी. शेड लहान चालतं, पाणी कमी लागतं, शेण काढणारीचे हात वाचतात. उलट, झालेली प्रत्येक मादी मायेपोटी ठेवायची, तर दहा वर्षांत गोठा कालवडींनी भरतो आणि गाई त्यांना पोसता पोसता कर्जात जातात. मी असे गोठे पाहिले आहेत. लागतात त्याहून एक-दोन जास्त ठेवायच्या, कारण आजार सांगून येत नाही, आणि बाकीच्या दूध तोडल्यावर चांगल्या घरी विकायच्या. आता लिंगनिश्चित वीर्यमात्रा मिळतात, त्यांतून नव्वद टक्क्यांच्या आसपास माद्या होतात. आम्ही त्या चांगल्या आयांच्या कालवडींनाच वापरतो. पहिलारू विताना मादी वासरू बहुधा लहान असतं, त्यामुळे सुटका सोपी होते. सरसकट वापरल्या तर नको तेवढ्या माद्या होतील आणि पुन्हा तोच प्रश्न.

या सगळ्या गणिताचा पाया पहिल्या काही तासांत घातला जातो. वासरू आईच्या पोटातून रोगप्रतिकारशक्ती घेऊन येत नाही, ती त्याला चिकातूनच मिळते. वजनाच्या दहा टक्के चीक, त्यातला मोठा भाग पहिल्या दोन तासांत. उशीर होईल तसतशी आतड्याची तो शोषून घ्यायची ताकद कमी होत जाते आणि दिवसभरात जवळजवळ संपते. आणि नेमका याच चिकाला आमच्याकडे भाव आहे. खरवसासाठी बोईसरपासून मुंबईपर्यंत लोक आगाऊ सांगून ठेवतात. आमच्या घरचा नियम आता पक्का आहे: आधी वासराचं पोट, मग उरला तर खरवस. नाळेला आयोडीन, पारड्याला पहिल्या पंधरवड्यातच जंताचं औषध, मादीला चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान सांसर्गिक गर्भपाताची एकदाच टोचायची लस. यातल्या एकाही गोष्टीला फार पैसे पडत नाहीत. पण यातली एक चुकली आणि आठ महिन्यांची कालवड गेली, तर तिच्यावर तोवर झालेला सगळा खर्च जगलेल्या कालवडींच्या किमतीत मिळवावा लागतो. मेलेल्या वासराचं खातं बंद होत नाही, ते बहिणींच्या नावावर चढतं.

खात्यात मजुरीचा रकाना घातला तेव्हा घरात बोलणं झालं. वासरांना बाटली लावणं, चीक पाजणं, कोवळं गवत आणून घालणं, हगवण लागली तर रात्री उठणं, ही कामं सासूबाई, मी आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या वारली मावशी करत होतो. मावशींना पगार होता, पण तो धारांच्या आणि शेणाच्या कामाचा समजला जाई. वासरांचं काम वरचं. मी आम्हा तिघींचे तास मोजून त्याला रोजगाराचा दर लावला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, मला कशाला पगार लावतेस? घरचंच काम आहे.” मी त्यांना सांगितलं, “आई, तुम्ही एका रात्रीचं जागरण करता तेव्हा २० हजारांची कालवड वाचते. ते वहीत नको का दिसायला?” त्यानंतर त्या स्वतः विचारायला लागल्या, माझ्या अमकीचं वजन किती भरलं म्हणून. मावशींना आम्ही वासरांचा वेगळा भत्ता सुरू केला: प्रत्येक वासरू तीन महिन्यांचं धडधाकट झालं की रक्कम. औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जास्त रोज मिळतो, त्यामुळे गोठ्याला माणूस टिकत नाही, ही या भागातली सगळ्यांची अडचण. मावशी टिकल्या, कारण त्यांच्या कामाला नाव आणि मोल मिळालं. वासरं मरायची थांबली असं मी म्हणणार नाही, पण ‘गेली’ हा शब्द आता वहीत क्वचित येतो.

दुसरा मोठा धडा कालवड व्याल्यानंतरचा आहे. ८५ हजारांना पडलेली गाय पहिल्या दिवशी नफ्यात नसते. वेताला २,८०० लिटर दूध धरलं आणि दोन वेतांतच ती बाद झाली, तर तिच्या संगोपनाचे १५ रुपये दर लिटरवर बसतात. तीच पाच वेतं टिकली, तर ६ रुपये. दूध वाढवण्याची जी धडपड गोठ्यांत चालते, तिच्यातली थोडी जरी गाय टिकवण्याकडे वळवली, तरी पैसा जास्त वाचतो. कोरडी जागा, खुरांची निगा, धारांआधी कासेची स्वच्छता, भाकड काळातला योग्य खुराक, या साध्या गोष्टी आहेत. गाईच्या बाबतीत त्याला आणखी एक बाजू आहे. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी होती, मार्च २०१५ पासून बैल आणि गोऱ्हेही त्यात आले. बाद गाईला आता जवळजवळ किंमत येत नाही, तिला शेवटपर्यंत पोसायचं किंवा पोसणारा शोधायचा. त्यामुळे गाईचा सगळा खर्च तिच्या दुधातूनच निघाला पाहिजे. म्हणून गाय निवडताना आता मी आधी विचारते, तिची आई किती वेतं टिकली. दुधाचा आकडा मग.

रेड्यांसाठी आम्ही वेगळा मार्ग काढला. रेडीला वेळ लागणारच. माज मुका असतो, पहिलं वेत उशिरा येतं. बोईसरच्या विकतच्या चाऱ्यावर तिला तीन-साडेतीन वर्षं पोसणं जमत नाही. पण विक्रमगड-जव्हारच्या बाजूला पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत गवत मुबलक असतं आणि घरटी एखादं जनावर सांभाळायची रीत आहे. पूर्वी तिकडं जनावर अर्धेलीनं द्यायचे: वाढवायचं त्यानं, विकल्यावर किंमत निम्मी निम्मी. गरीब कुटुंबाला दोन-तीन वर्षं हातात काहीच पडत नाही, म्हणून मग राखणीतही जीव राहत नाही. आम्ही ठरवलं, पैसे वाढलेल्या वजनावर द्यायचे. टेप लावायची, आणि दर किलो वाढीला १२० रुपये रोख. खनिज मिश्रण, थोडी पेंड, लस आणि औषध आमचं. रोज साडेतीनशे ग्रॅम वाढली, तर एका रेडीमागे त्या घराला दिवसाला ४२ रुपये पडतात, दोन रेड्या असतील तर दुप्पट. टेप त्यांच्याच हातात दिली आहे. एका घरातली मुलगी मोबाइलवर आकडा पाठवते, पुढं लिहिते, “ताई, ह्या महिन्याला बारा किलो.” संकरित कालवड मात्र तिकडं पाठवत नाही, कारण रानातल्या गोचिडाचा ताप तिला झेपत नाही. डांगी जातीचं जनावर त्याच पावसात आणि त्याच रानात तेलकट अंगानं ताठ उभं राहतं. प्रत्येक जनावराला त्याच्या जागी ठेवलं, तर खर्च आपोआप कमी होतो.

आज पालघर-बोईसर रस्त्यानं जाताना कोळगावला जिल्हा मुख्यालयाच्या भव्य इमारती दिसतात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, १९ ऑगस्ट २०२१ ला या मुख्यालयाचं उद्घाटन झालं. ही जागा दुग्धविकास विभागाची होती. सिडकोला नवनगरासाठी दिलेली ४४० हेक्टर जमीनही त्याच विभागाची होती. जिल्ह्याला कचेऱ्या हव्यातच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आता मुंबई-वडोदरा महामार्गाचा आणि बुलेट ट्रेनचा प्रकल्प आहे, ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. जमिनीचा भाव वाढेल तसा चाऱ्याचा भाव वाढणार आणि इथं जनावर वाढवणं आणखी महाग होणार. म्हणूनच जे वाढवायचं ते मोजून वाढवलं पाहिजे, आणि जिथं गवत आहे तिथल्या घरांना वाढवायचं मोल दिलं पाहिजे.

सरकारी योजनांत वर्षानुवर्षं दुधाळ जनावरांचे गट वाटले गेले. दुभती गाय दिसते, फोटोत येते, दुसऱ्या दिवशी दूध देते. कालवडीसाठी पैसा मागायला गेलं की बँकेत विचारतात, उत्पन्न कधीपासून? आता थोडं बदलू लागलं आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये सुधारणा केली, तेव्हा कालवड संगोपन केंद्रांसाठी भांडवली खर्चाच्या ३५ टक्के मदत ठेवली. ३० केंद्रं आणि त्यांत मिळून १५ हजार कालवडी. देशाच्या मानानं आकडा लहान आहे, पण कालवडीच्या नावानं तरतूद झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. अशी केंद्रं ज्यांच्या हाती जातील, त्यांना माझं सांगणं आहे: इमारतीच्या आधी टेप घ्या, कालवडींची संख्या मोजण्याऐवजी त्यांचं वाढलेलं वजन मोजा, आणि त्या वजनाचे पैसे ज्या हातांनी तिला वाढवलं त्या हातांपर्यंत पोचवा.

गोठा सुरू करायचा म्हणून या पट्ट्यातली तरुण मुलं आमच्याकडे पाहायला येतात. कंपनीतली नोकरी सुटलेली असते, थोडे पैसे हातात असतात. ती विचारतात, किती गाई घेऊ, लिटर किती पडेल. मी त्यांच्यापुढे आधी कालवडींची पानं ठेवते. दुधाचा भाव आपल्या हातात नाही, तो बाजार ठरवतो. पेंडेचा भावही नाही. पण उद्याची गाय किती दिवसांत, किती खर्चात आणि किती वेतांसाठी उभी राहणार, हे बऱ्याच अंशी गोठ्यातच ठरतं. तिचं खातं ज्या दिवशी वासरू जन्मतं त्याच दिवशी उघडा. त्यात आईचं दूध लिहा, बाईचे तास लिहा, दर महिन्याचं वजन लिहा. मग किती वाढवायच्या, किती विकायच्या आणि कुणाला किती द्यायचं, याची उत्तरं त्या पानावर आपोआप येतात, आणि ती उत्तरं मान्य केली तर गोठा आपल्या दावणीवर जन्मलेल्या वासरांवर उभा राहू शकतो. आमचा राहिला आहे.